जुनी रॅम ३५०० ड्युअली आणि मागे छत्तीस फुटी घर: अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, लांबलचक लिहिणार आहे. ट्रक शोधायला मला सात महिने लागले आणि त्यातले पहिले चार मी चुकीच्या आकड्याकडे बघत बसलो होतो, ते कोणाचे तरी वाचावेत एवढ्यासाठी.

गाडी अशी: २०१६ ची रॅम ३५००, मागे डबल चाकं म्हणजे ड्युअली, ६.७ लिटर कमिन्स डिझेल हाय आउटपुटवालं, आयसिन कंपनीचा गिअरबॉक्स, क्रू कॅब, आठ फुटी बेड, फोर बाय फोर. मार्च २०२३ मध्ये घेतली तेव्हा ९८ हजार मैल झाले होते, आता १ लाख २४ हजार. मोजले ३९,५०० डॉलर. मागे लागतो तो छत्तीस फुटी फिफ्थ व्हील, म्हणजे चाकांवरचं घर, सामानासकट जास्तीत जास्त वजन १४,००० पाऊंड, म्हणजे साधारण ६,३५० किलो. राहतो डॅलसच्या उत्तरेला. आम्ही दोघं, दोन पोरं, आणि बायकोचं काम घरूनच चालतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे घरच बरोबर घेऊन निघायचं असं तिचंच डोकं. ट्रेलर ऑफिसातल्या एकाकडून आधीच घेऊन ठेवला होता आणि तो स्टोरेजमध्ये पडून महिन्याला भाडं खात होता, ओढायला काही नाही. म्हणजे बैल नाही आणि गाडी दारात.

तिकडं देशात वाचणाऱ्यांसाठी: न्हावा-शेवाला जाणारे कंटेनरचे ट्रेलर बघितले असतील, पुढचा घोडा वेगळा आणि मागचं धड वेगळं. धडाच्या खाली एक जाड पिन असते, तिला किंगपिन म्हणतात, ती घोड्याच्या पाठीवरच्या घोड्याच्या नालेसारख्या प्लेटमध्ये अडकते. ती प्लेट म्हणजे फिफ्थ व्हील. पूर्वी घोडागाडीच्या पुढच्या आसावर आडवं चाक असायचं वळायला, त्यावरून हे नाव पडलं, त्यामुळे पाचवं चाक कुठंय असं विचारू नका, आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. इथे तेच छोट्या रूपात पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवतात आणि त्यावर घर टेकवतात. साधा ट्रेलर गाडीच्या मागे बंपरखाली बॉलला लागतो, हा मात्र मागच्या आसाच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे बसतो, त्यामुळे वाऱ्यात शेपूट हलवत नाही, वळतो पण छान. पण त्याची किंमत म्हणजे बराच भार ट्रकच्या पाठीवर येतो. साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के येतो, फिफ्थ व्हीलचा २० ते २५ टक्के. या एका वाक्यात माझे चार महिने गेले.

कारण मी काय करत होतो, तर टोइंग कपॅसिटी बघत होतो. जाहिरातीत तोच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो ना. पाऊण टनी ट्रक, म्हणजे २५०० किंवा एफ-२५० वर्गातला, डिझेल घेतला तर कागदावर सतरा-सतरा हजार पाऊंड ओढतो. माझा ट्रेलर चौदा हजाराचा. मग काय, झालं काम. एका डीलरकडे गेलो, नाव नाही घेत, तिथला सेल्समन म्हणाला, सर हा ट्रक तुमचं घर काय, शेजाऱ्याचं पण ओढेल. चकचकीत पांढरा डिझेल, चामड्याच्या सीट, ४१ हजार डॉलर, मी जवळजवळ चेक काढला होता. सहज ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि खांबावरचं पिवळं स्टिकर वाचलं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून याच्यावर वजन जाऊ देऊ नका. आकडा होता २,०१२ पाऊंड. च्यायला. डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड की भरलेल्या पाऊण टनी ट्रकला १०,००० पाऊंडाच्या आत ठेवायचं म्हणून उचलायला फार काही शिल्लकच राहत नाही.

तिथेच पार्किंगमध्ये मोबाईलवर हिशोब केला. आम्ही चौघं मिळून ५१० पाऊंड, हौद्यातला हिच, म्हणजे ती प्लेट, २५०. उरले १,२५२. आणि चौदा हजाराच्या ट्रेलरचा वीस टक्के धरला तरी पिनवर २,८०० येतात, बावीस धरला तर तीन हजाराच्या वर. म्हणजे दीड हजार पाऊंड ओव्हरलोड, अजून कूलर आणि पोरांच्या सायकली चढायच्या बाकीच. सेल्समनला विचारलं तर म्हणाला एअरबॅग (पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाका मागे, सगळे टाकतात. आता एअरबॅगने गाडीचं ढुंगण वर उचललं जातं हे खरं, पण आस, ब्रेक, चाकं, टायर तेच राहतात ना राव, स्टिकरवरचा आकडा काय वाढत नाही. उठलो आणि निघालो.

अण्णा तेव्हा इकडे आले होते सहा महिन्यांसाठी. कोपरगावकडचे आम्ही, अण्णांची अख्खी उमर कारखान्याला ऊस घालण्यात गेली, आधी बैलगाडीनं, मग ट्रॅक्टरनं. मी रात्री जेवताना बायकोला हे पिन वेटचं समजावून सांगत होतो, टक्के-बिक्के, कागदावर चित्र काढून, तर अण्णा मधेच म्हणाले, "अरे मंग येवढं काय त्यात. मागं जास्त भरलं तर गाडी उलाळ होती, पुढं जास्त भरलं तर बैलाच्या मानंवर येतं. तू बैल बघतोय जोरात वढणारा, मान बघ की त्याची." मी गप्प. चार महिने मी इंटरनेटवर जे वाचत होतो ते माणसाने भाकरी मोडता मोडता सांगितलं.

तर मग मान बघायला सुरुवात केली.

एक टनी, म्हणजे ३५०० किंवा एफ-३५०, यात दोन प्रकार. मागे एकेक चाक आणि मागे जोडी. एकेक चाकवाला डिझेल साधारण साडेतीन ते चार हजार पाऊंड उचलतो. माझा सगळा भार साडेतीन हजाराच्या वर. म्हणजे बसतं, पण काठावर बसतं, आणि एकच चाक असताना त्यातलं मागचं एखादं फुटलं तर वर तीन हजार पाऊंड बसलेत. ज्यांचा ट्रेलर दहा-अकरा हजाराचा आहे त्यांनी बिनधास्त एकेक चाकवाला घ्यावा, रोज वापरायला कितीतरी सोपा. माझ्या वजनाला ड्युअली. बायकोचा विरोध होता, "हा ट्रक आहे का टेम्पो" असं तिचं म्हणणं, आणि दिसतोही तसाच, खोटं कशाला बोलू.

इथे एक गोची सांगतो जी मला फार उशिरा कळली. ते पिवळं स्टिकर कमाल वजन १०,००० पाऊंडाच्या आत असलेल्या गाड्यांनाच सक्तीचं आहे. एक टनी गाड्या त्याच्या वर जातात, त्यामुळे बऱ्याच ड्युअलींच्या दरवाज्यावर पेलोडचा, म्हणजे किती वजन लादता येईल त्याचा, आकडा सापडतच नाही, फक्त गाडीचं एकूण कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या आसाची मर्यादा एवढंच लिहिलेलं असतं. मग एकच उपाय, काट्यावर घाला. हायवेला मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणून काटा असतो, पंधरा डॉलरच्या आसपास घेतात, आणि पुढचा आस, मागचा आस, ट्रेलर असं वेगवेगळं वजन छापून देतात. विकणाऱ्याला म्हणायचं टाकी फुल करून एकदा काट्यावर चल, पैसे मी देतो. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, एवढं साधं आहे.

आता कोणत्या सालचा कोणता, यावर लोक इथे भांडतात तसं भांडण मी नाही करणार, पण सेकंडहँडमध्ये साल महत्त्वाचं आहे म्हणून मला जे समजलं ते सांगतो. फोर्डचं ६.० डिझेल, २००३ ते २००७ चं, स्वस्त मिळतं आणि का स्वस्त मिळतं ते हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलरवाले मेकॅनिक सांगतील. त्यानंतरचं ६.४, २००८ ते २०१०, ते पण सोडा. २०११ पासूनचं ६.७ चांगलं इंजिन आहे, २०१७ पासून बॉडी अॅल्युमिनियमची त्यामुळे बॉडी गंजत नाही. पण त्यात सीपी४ नावाचा हायप्रेशर फ्युएल पंप आहे, तो गेला की धातूचा चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत सगळीकडे जातो आणि बिल दहा हजार डॉलरच्या घरात. सगळ्यांचा जात नाही, पण ज्याचा जातो त्याचा महिना खराब. जीएमच्या २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्सला तोच पंप, २०१७ पासून एल५पी आलं त्यात पंप बदलला आणि ते इंजिन खरंच मस्त आहे, अॅलिसन गिअरबॉक्ससकट. मला तेच पाहिजे होतं पहिल्यांदा. पण २०२३ मध्ये एल५पी ड्युअलीचे भाव ऐकून मी परत रॅमकडे आलो.

रॅमचं गणित असं की २००७ च्या मध्यापासून २०१८ पर्यंत ६.७ कमिन्सला जुना भरवशाचा सीपी३ पंप आहे. २०१९ आणि २०२० ला त्यांनी सीपी४ लावला, रिकॉल झाला म्हणजे कंपनीला गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या, आणि २०२१ ला मुकाट्याने परत सीपी३. म्हणून २०१३ ते २०१८ हा पट्टा मी धरला, २०१३ पासून ३५०० मध्ये हाय आउटपुट इंजिनाबरोबर आयसिन मिळतो. साधा गिअरबॉक्स ६८आरएफई, त्याची ख्याती जड ओढणाऱ्यांमध्ये काही खास नाही. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, विकणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपल्या गाडीत कोणता आहे ते माहीत नसतं, सरळ व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, टाकून बिल्ड शीट काढायचं, त्यात गाडीत काय काय बसवलंय ते असतं. तोच नंबर एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकला की बाकी राहिलेले रिकॉल दिसतात, फुकट. आणि या कमिन्सचंही एक दुखणं आहे, इनटेकमध्ये ग्रिड हीटर असतो त्याचा नट जळून सैल होऊन आत पडू शकतो, सिलेंडरमध्ये. पडला तर इंजिन गेलं. मी गाडी घेतल्याबरोबर पहिल्या महिन्यातच तो भाग बदलून घेतला, अजून काही झालेलं नव्हतं पण झोप लागेना.

आता प्रत्यक्ष बघितलेल्या गाड्या. एकूण नऊ बघितल्या, सगळ्यांचं नाही सांगत. एक होती मिडलंडकडची, २०१५ ची, फक्त ७१ हजार मैल, भाव पण बरा. डॅशबोर्डवर मेनूत जाऊन इंजिनाचे तास बघितले तर ४,६००. भागा. तासाला साडेपंधरा मैल सरासरी. म्हणजे गाडी चाललीच नाही, तेलाच्या विहिरीवर एसी लावून उभी होती दिवसच्या दिवस, इंजिन चालू. मैल कमी म्हणजे गाडी कमी वापरली असं डिझेलमध्ये नसतं, तास बघा. दुसऱ्या एकाने अभिमानाने सांगितलं की सगळं एमिशन, म्हणजे धूर साफ करणारी यंत्रणा, काढून टाकलंय, डिलीट केलंय, आता ताकद बघा. खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप. ते केंद्राच्या कायद्याने बेकायदेशीर आहे आणि चांगली वर्कशॉप्स अशा गाडीला हात लावत नाहीत, नमस्कार करून निघालो. एक ओहायोतून आलेली होती, वरून नवरीसारखी, खाली चासीला मिठाने पापुद्रे सुटलेले, स्क्रूड्रायव्हर लावला की पोपडे. बर्फाच्या राज्यातली गाडी म्हणजे आधी खाली झोपायचं, मग वर बघायचं.

माझी मिळाली विचिटा फॉल्सच्या पलीकडे, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे. घोड्यांचा ट्रेलर ओढायचे, घोडे विकले, आता ट्रक. ९८ हजार मैल, २,९०० तास, म्हणजे सरासरी ३४, रस्त्यावर चाललेली गाडी. मी फोनवरच सांगितलं होतं की सकाळी मी यायच्या आधी चालू करू नका. गेलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवला, गार. चालू केली, धूर नाही, दोन मिनिटांनी तेलाचं झाकण उघडून उलटं ठेवलं, हललं पण जागेवर राहिलं, उडालं नाही, म्हणजे पिस्टनच्या बाजूने फार गॅस येत नाही. त्याच्याकडे वहीत सगळं लिहिलेलं होतं पेन्सिलने, ऑइल कधी, दोन्ही डिझेल फिल्टर कधी (दोन असतात, एक इंजिनवर आणि एक खाली मागे चासीवर, खालचा बरेच लोक विसरतात), गिअरबॉक्सचं तेल कधी. ती वही मला चामड्याच्या सीटपेक्षा जास्त आवडली.

मग टायर. हे जरा नीट वाचा. पुढचे दोन आणि मागचे बाहेरचे दोन, नवेकोरे दिसत होते. टायरच्या साइडला डीओटी लिहून पुढे अक्षरं-आकडे असतात, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. त्यावर २६२१ होतं, म्हणजे २०२१ चा सव्विसावा आठवडा. छान. पण ड्युअलीला मागे आत अजून दोन असतात, बाहेरून दिसत नाहीत. मी टॉर्च आणि बायकोचा छोटा आरसा घेऊन गेलो होतो, खाली झोपून आत आरसा धरला, पहिल्यांदा उलटं दिसलं त्यामुळे मोबाईलने फोटो काढून वाचलं: ३९१५. गाडी फॅक्टरीतून निघाली तेव्हाचेच टायर. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर साडेसात वर्षांचं, बोट फिरवलं तर बारीक चिरा. म्हाताऱ्याला दाखवलं, तो बिचारा स्वतःच ओशाळला, त्याला टायरवाल्याने सांगितलं होतं की आतले चांगले आहेत. सहाशे डॉलर कमी केले. स्पेअर पण त्याच वयाचा निघाला, तो मी घरी आल्यावर बघितला, तिथे चुकलो.

मग त्याच्याबरोबर काट्यावर. टाकी फुल आणि तो एकटा बसलेला, ८,७८० पाऊंड. गाडीची कमाल मर्यादा १४,०००. वजा केलं, ५,२२०. त्या पाऊण टनीच्या अडीचपट. तिथेच हात मिळवला.

बाकी तयारी. हौद्यात आधीच गूसनेकचा बॉल (हौद्याच्या मधोमध बसवलेला ट्रेलर जोडायचा गोळा) होता, बी अँड डब्ल्यू कंपनीचा, त्यामुळे त्यांचाच कम्पॅनियन हिच त्याच भोकात बसला, नवीन रेल ठोकायला लागल्या नाहीत. कॅन्ससमधल्या हम्बोल्ट गावात बनतो, जड आहे, दोघांनी उचलायचा, पण खडखड शून्य, त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. आठ फुटी बेड होता म्हणून सरकणारा हिच लागला नाही. ज्यांचा साडेसहा फुटी बेड आहे त्यांनी स्लायडिंगवाला घ्या, नाहीतर पेट्रोल पंपावर काटकोनात वळताना घराचा कोपरा कॅबच्या काचेत येतो. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर गाडीतच आहे.

आणि लायसन्स! टेक्सासमध्ये गाडी आणि ट्रेलर दोघांची मिळून मर्यादा २६,००० पाऊंडाच्या वर गेली आणि ट्रेलर दहा हजाराच्या वरचा असेल तर साधं लायसन्स चालत नाही, क्लास ए लागतं, व्यावसायिक नाही पण क्लास ए. माझे चौदा अधिक चौदा अठ्ठावीस. लेखी परीक्षा दिली, मग घर मागे लावून ड्रायव्हिंग टेस्ट. टेस्ट घेणारी बाई म्हणाली रिव्हर्स घे, आणि मी घेतला, कसा घेतला ते विचारू नका पण पास झालो. इथे कितीतरी जण हे न काढताच फिरतात, अपघात झाला की मग कळतं.

पूर्ण सामान भरून पहिल्या ट्रिपला निघालो तेव्हा परत काट्यावर घातलं. एकट्या ट्रकचं, आम्ही चौघं आणि हिच धरून, ९,५४०. घर लावून ट्रक १२,३००, म्हणजे पिनवर आले २,७६०. ट्रेलरच्या चाकांवर १०,२८०. एकूण २३ हजाराला चारशेवीस कमी. ब्रोशरमध्ये पिनचं वजन २,१५० लिहिलंय, पण ते रिकाम्या घराचं, पुढच्या डिकीत माणूस प्रेशर कुकर, बार्बेक्यू, दोन पोती तांदूळ आणि सासूबाईंचा पाटा-वरवंटा ठेवतो हे कंपनीला कुठे माहीत. (पाटा-वरवंटा खरंच आहे. बायको म्हणते मिक्सर विजेवर चालतो.)

आता गाडी कशी चालते. रिकामी असली की एसटीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखं, प्रत्येक खड्डा पाठीत. घर लावलं की तीच गाडी लोण्यासारखी, मागे पाटे दबतात आणि आख्खी शांत होते. सपाट रस्त्यावर १०५ किलोमीटरच्या स्पीडला, म्हणजे ६५ मैल, इंजिन आरामात, मी त्याच्या वर जात नाही. घर लावून गॅलनला ९ ते १० मैल, लिटरला चार किलोमीटर धरा, रिकामी १५-१६. डीईएफ, म्हणजे धूर साफ करायचं युरियाचं पाणी, वेगळं भरायचं, ते विसरलं की गाडी आधी ओरडते आणि मग स्पीडच कमी करून टाकते.

खरी परीक्षा घाटात झाली. २८७ नंबरच्या हायवेने अमरिलो, पुढे डॅलहार्ट, क्लेटन, आणि मग रॅटन पास, ७,८३४ फूट, न्यू मेक्सिकोतून कोलोरॅडोत उतरणारा. चढाला काही नाही, ९०० फूट-पाऊंड टॉर्क आहे, ४५-५० मैलांच्या स्पीडला घुमत घुमत चढला, तापमानाचा काटा किंचित वर जाऊन थांबला. उतारावर मी घाबरलेलो. आमच्या डोक्यात कसारा घाट, खाली पडलेले ट्रक, जळालेल्या ब्रेकचा वास. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं, टर्बो धुराची वाट आवळतो आणि इंजिन स्वतःच गाडी मागे ओढून धरतं, भोंऽऽ असा आवाज येतो. ट्रिनिडादपर्यंत मी पायाने ब्रेक किती वेळा दाबला असेल, चार-पाच वेळा. मागून पोरगा विचारतोय, बाबा विमान चालू झालं का. त्याच ट्रिपला पुढे आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा, अकरा हजार फुटांच्या वर, पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्के उतार, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला वाळूचे चढ बांधलेत ते बघून बायकोने हनुमान चालीसा सुरू केली. तिथे पण तेच, गिअर खाली, एक्झॉस्ट ब्रेक, आणि गाडी बैलासारखी पाय रोवून उतरली. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

त्रास सांगतो. रुंदी. मागची चाकं आठ फूट रुंद, ड्राइव्ह-थ्रूमध्ये घालायचं नाव काढू नका, मी एकदा घातली आणि कॉफी न घेता मान खाली घालून बाहेर आलो. रविवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये दोन जागा अडवल्या की लोक बघतात, मग सगळ्यात लांब लावून भेंडीच्या पिशव्या घेऊन चालत यायचं. घराच्या गॅरेजमध्ये बसत नाही. सोसायटीचं पत्र आलंय दोनदा. सहा टायर म्हणजे सहा टायरचं बिल, इंजिन ऑइल बारा क्वार्ट म्हणजे अकरा लिटरच्या वर, आतल्या टायरमध्ये हवा भरायला वाकून हात काळे. ज्याला वर्षातून दोनदाच घर ओढायचंय आणि बाकी दिवस ऑफिसला जायचंय त्याने ही एकच गाडी ठेवू नये, आमच्याकडे दुसरी कार आहे म्हणून जमतं.

अण्णांना पहिल्यांदा आणून दाखवली तेव्हा त्यांनी बाकी काही बघितलं नाही, बाजूला लिहिलेलं कमिन्स वाचलं आणि म्हणाले, "किर्लोस्कर कमिन्सचं का? पुण्याचं?" म्हणलं अण्णा, पुण्यातली ती यांचीच, किर्लोस्करांबरोबर १९६२ ला काढलेली, हे इंजिन इंडियानातलं. तरी फोनवर गावाकडे सगळ्यांना सांगत होते, पोरानं किर्लोस्करचं इंजिन घेतलंय म्हणून.

एक राहिलंच. पहिल्याच महिन्यात घर लावताना टेलगेट खाली पाडायचा विसरलो. मागे घेत होतो, कॅमेऱ्यात फक्त किंगपिन बघत होतो, बायको बाहेरून हात हलवत होती आणि मला वाटलं ये ये म्हणतेय. ती थांब थांब म्हणत होती. टेलगेट मधोमध आत गेला, बरोबर घराच्या नाकाच्या आकाराचा. त्यानंतर आमचा नियम ठरला की रिव्हर्स घेताना फोन चालू ठेवायचा आणि हातवारे बंद. खड्डा अजून तसाच आहे, नवीन टेलगेटचा भाव ऐकून रबरी हातोड्याने थोडा बाहेर काढला तेवढाच. कोणाला डॅलसच्या आसपास जंकयार्डमध्ये त्या पिढीच्या रॅमचा चंदेरी टेलगेट दिसला, कॅमेऱ्याचं भोक असलेला, तर कळवा.